डिसेंबरात गोव्यात घर असणं: पाहुणे, झोप आणि डोकं कसं सांभाळता?

साळगावची_सून:

बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि लांबणार आहे, आधीच सांगते.

अजून नोव्हेंबर संपला नाही आणि फॅमिली ग्रुपवर सुरू झालंय, "यंदा थर्टी फर्स्टला गोवा!!" त्याच्याखाली सतरा अंगठे. मला कोणी विचारलंच नाही. ज्यांचं घरच गोव्यात त्यांना काय विचारायचं, ते तिथे असतातच की.

गेल्या वर्षीचं सांगते. 21 डिसेंबर ते 3 जानेवारी, तीन बॅच. (मी आता बॅचच म्हणते.) आधी ठाण्याचे चुलत दीर, जाऊबाई आणि मुलं, ते गेले त्याच दुपारी माझी पुण्याची मावसबहीण, आणि 30 ला तिच्या नवऱ्याचे दोन मित्र जे मी जन्मात पाहिले नव्हते. घर आमचं दोन बेडरूम आणि हॉल. नळाला पाणी सकाळी दोन तास, टाकी हजार लिटरची. सगळे आंघोळ करून बीचवर जाणार आणि बीचवरून येऊन परत आंघोळ करणार, वाळूसकट. बाथरूमच्या जाळीत इतकी वाळू तुंबली की प्लंबर म्हणाला बाय, घर बांधायला काढलंय की काय.

नवरा हॉटेलात फ्रंट ऑफिसला, 20 तारखेपासून 5 जानेवारीपर्यंत सुट्टी तर नाहीच पण आठवड्याचा ऑफ पण कॅन्सल. मी पतसंस्थेत, मला सुट्टी 19 ची आणि 25 ची, बस्स. सासूबाई सत्तरीच्या, शुगर आणि प्रेशर दोन्ही. रात्री एकला भांडी आवरायची, शेजारच्या व्हिलात डीजे, डोळा लागतो न लागतो तोवर पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा. रोज चार तास झोप. पोटात सतत जळजळ. 5 जानेवारीला मला ताप भरला आणि खरं सांगते, बरं वाटलं. झोपायला कारण मिळालं.

पण जे मनात राहिलंय ते वेगळंच आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची. 31 ला ती आणि गल्लीतली पोरं ओल्ड मॅन (सरत्या वर्षाचा पुतळा, रात्री बाराला जाळतात तो) करत होती, बाबाची जुनी पँट, त्यात गवत, डोक्याला फुटका नारळ. ती मला विचारायला आली की आई शर्टाला काय देऊ, आणि मी बेडशीटं भिजवत होते, तिच्यावर अशी ओरडले की ती गप्प निघून गेली. रात्री बाराला जाळताना सगळ्यांच्या आया रस्त्यावर होत्या, मी मशीन लावत होते. तिने मला बोलावलंच नाही.

तर प्रश्न दोन आहेत. नातं न तोडता नाही कसं म्हणायचं, आणि हे दोन आठवडे शरीर आणि डोकं ताळ्यावर ठेवायला तुम्ही नक्की काय करता? "स्वतःसाठी वेळ काढा", "मेडिटेशन करा" वगैरे नको प्लीज. बाथरूम रिकामं असेल तर मी तिथे करते मेडिटेशन.

फोंड्याचा_भाऊ:

ताई रागावू नका, पण पाहुणा आला की घराला शोभा. आमच्या लहानपणी जत्रेला पंचवीस-पंचवीस माणसं यायची, हॉलभर चटया टाकून झोपायची, रात्रभर नाटक बघायची, सकाळी पेज जेवून परत. कोणाचं डिप्रेशन झालेलं ऐकलं नाही. आता दोन माणसं आली की टेन्शन. माणसं जोडायला शिका एवढंच म्हणेन.

कुळागरातली:

भाऊ, त्या पंचवीस माणसांची पेज कोणी केली ते आठवतंय का? मला आठवतंय, कारण मी तिथेच चुलीपाशी होते. स्वयंपाकघरात सहा बायका असायच्या, आई, दोन काकी, आत्या, शेजारच्या दोघी. हिच्या घरात एकटी ही आहे आणि सकाळी नऊला ऑफिसला पण जायचंय. आणि जत्रेचा पाहुणा दुसऱ्या दिवशी निघायचा, चौदा दिवस राहून "आज फिश काय आहे" विचारायचा नाही. (आणि कोणाचं डिप्रेशन ऐकलं नाही कारण कोणी सांगितलं नाही, आमच्या एका काकीला "अंगात येतं" म्हणायचे, आता विचार केला की काळीज हलतं.)

डबलशिफ्ट:

मी बागा बीच साइडला एका हॉटेलात एफ अँड बी ला (खाण्यापिण्याच्या विभागात) आहे बारा वर्षं, त्यामुळे तुमच्या मिस्टरांच्या बाजूने लिहितो.

पहिली गोष्ट, ते घरी येऊन नुसते बसून राहत असतील, बोलत नसतील, तर मनावर घेऊ नका. दिवसभर तीनशे माणसांशी हसून बोललं की घरी आल्यावर तोंड उघडायची ताकद राहत नाही, चेहऱ्याचे स्नायू खरंच दुखतात, कोणाला खोटं वाटेल पण दुखतात. मी घरी सांगून ठेवलंय की आल्यावर वीस मिनिटं मला काही विचारू नका, वीस मिनिटांनी मी माणूस होतो.

आम्ही डिपार्टमेंटमधली चार पोरं सीझनला काय करतो ते सांगतो. ब्रेकमध्ये मोबाईल बघत नाही, झोपतो. लिनन रूममध्ये वीस मिनिटं, अलार्म लावून. अर्ध्या तासाच्या वर गेलं की उठल्यावर डोकं जड होतं. दुपारी तीननंतर कॉफी नाही, आधी मी रात्री दहाला पण प्यायचो आणि घरी जाऊन छताकडे बघत पडायचो. शिफ्ट संपल्यावर पार्टी नाही, हे सगळ्यात अवघड, कारण बाराला फटाके वाजले की सगळा स्टाफ म्हणतो चल एक पेग. एकाचे तीन होतात, झोप पटकन लागते पण चारला टक्क जाग, मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांवर भुंकायचं. पायात जाड मोजे, घरी आल्यावर पाय भिंतीला वर करून पडायचं, बाकी काही नाही.

आणि आमच्या घरचा ख्रिसमस-न्यू इयर दहा जानेवारीनंतर असतो. खरंच. बायकोने कॅलेंडरवर लाल गोल केलेला असतो, त्या दिवशी पोरांना घेऊन जातो कुठेतरी जिथे टुरिस्ट नाही, गेल्या वेळी रायबंदरहून फेरीने चोडणला गेलो, काही नाही केलं, मॅन्ग्रोव्ह बघितले, भजी खाल्ली, आलो. पोरांना 31 चं काही पडलेलं नसतं, त्यांना दिलेली तारीख पाळली पाहिजे एवढंच.

लोक टॅक्सीतून उतरतात आणि म्हणतात, यू गोवन्स आर सो सुशेगाद (निवांत, आरामात जगणारे). हातात त्यांच्या तीन बॅगा असतात माझ्या.

रात्रपाळी_सिस्टर:

मी सरकारी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला नर्स आहे, कुठल्या ते राहू दे. ह्या दोन आठवड्यांत आमच्याकडे काय येतं ते सांगते, त्यातून तुम्हाला हवं ते घ्या.

आधी तुमची जळजळ. चार तास झोप, अवेळी जेवण, उरलेलं तिखट, त्यामुळे ॲसिडिटीच असेल बहुतेक. पण एक बघा, जिने चढताना किंवा बादली उचलताना वाढते का, आणि बसलं की कमी होते का? तसं असेल, किंवा घाम, धाप, जबड्यात नाहीतर हातात कळ असेल तर सोडा पीत घरी बसू नका. बायकांमध्ये हार्टचं दुखणं बरेचदा असं गुपचूप येतं, मळमळ, दम, थकवा, आणि बाई म्हणते पाहुणे जाऊ देत मग दाखवते. हे "मग दाखवते" फार महागात पडतं. अमेरिकेत 2004 साली एक मोठा अभ्यास छापून आला होता, तिथे हार्टने होणारे मृत्यू वर्षात सगळ्यात जास्त ख्रिसमस आणि न्यू इयरच्या आसपास होतात. लोक म्हणाले थंडीमुळे असेल. मग 2016 मध्ये न्यूझीलंडचा अभ्यास आला, तिथे ख्रिसमस ऐन उन्हाळ्यात येतो, आणि तिथे पण ह्या दिवसांत आकडा वर. म्हणजे नुसती थंडी नाही. खाणं, पिणं, ताण, आणि सण आहे म्हणून दवाखान्यात जायला केलेला उशीर, असा तर्क आहे. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो म्हणून गाफील राहायचं नाही. तसं वाटलं की 108, दुसरा विचार नको.

दुसरं, सासूबाई. नाताळला शेजारून येणाऱ्या गोडाच्या ताटातलं काही खाऊ नका म्हटलं तर त्या तुम्ही ऑफिसला गेल्यावर खाणार. माझी आई तेच करते. दोदोल म्हणजे तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि काळा गूळ, गूळ आहे म्हणून चालतो हा गैरसमज सोडा, शुगरला गूळ आणि साखर एकच. बेबिंकात थरागणिक तूप, नारळाचा रस, अंड्यातला बलक. एक बोटभर तुकडा, जेवणाबरोबर, आणि त्या जेवणात भात कमी, असं ठरवून द्या. मुख्य म्हणजे गोळ्या. घरात पाहुणे असले की म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या हमखास चुकतात, कारण जेवणाची वेळ सरकते, डबा जागेवरून हलतो, कोणीतरी ओटा आवरताना पट्टी उचलून ठेवतं. आठवड्याचा खाने असलेला डबा मिळतो फार्मसीत, तो भरून मुलीला द्या, नऊ वर्षांची पोर हे काम मोठ्या माणसापेक्षा चोख करते. आणि 24 तारखेच्या आधी पंधरा दिवसांच्या गोळ्या आणून ठेवा. 31 च्या रात्री फार्मसी शोधत फिरणारे मी बघितलेत.

तिसरं, पाहुण्यांमध्ये कोणी शुगरच्या गोळ्या घेणारा आणि पिणारा असेल तर. काही गोळ्या, ग्लिमेपिराइडसारख्या, आणि इन्सुलिन पण, दारू आणि उपाशी पोट एकत्र आलं की शुगर एकदम खाली जाते. माणूस बडबडतो, झोकांड्या खातो, घामाघूम, झोपेत गेल्यासारखा. सगळे म्हणतात चढली त्याला, झोपू दे. चढलेली नसते, शुगर पडलेली असते. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर साखरपाणी, नसेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108.

अजून एक, नेहमी न पिणारा माणूस दोन-तीन दिवस सलग भरपूर पितो आणि छातीत धडधड धडधड घेऊन येतो. डॉक्टरांनी ह्याला 1978 मध्येच हॉलिडे हार्ट नाव दिलंय, ठोके अनियमित पडतात. बऱ्याचदा आपोआप सुटतं, पण ईसीजी काढून बघावाच लागतो. आणि रात्री तीनपर्यंत पिऊन सकाळी आठला "आता उतरली" म्हणत स्कूटर काढणारे. उतरलेली नसते. शरीर साधारण तासाला एका छोट्या पेगच्या हिशोबाने दारू काढतं, कॉफीने, लिंबाने, समुद्रात बुडी मारून त्यात काही फरक पडत नाही. सकाळी पण नाक्यावर पकडलं तर तेच कलम लागतं, 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमच्या वर, दहा हजार दंड किंवा कैद. दंडाचं सोडा, पोरं हेल्मेटशिवाय असतात.

तुमच्याबद्दल म्हणाल तर मला एकच दिसतं, झोप. सहा तासांच्या खाली सलग दोन आठवडे गेलात तर चिडचिड होणारच, तो स्वभाव नाही तुमचा. मुलीला तेवढं सांगा.

पुणेकर_पाहुणा:

मी ह्या धाग्यावरचा आरोपी आहे बहुतेक, म्हणून मान खाली घालून लिहितोय.

पाच वर्षं आम्ही मामेभावाकडे म्हापशाला उतरायचो. "हॉटेलचे रेट डिसेंबरात काय असतात माहितीये ना", असं म्हणून. आपण पाहुणा म्हणून जातो तेव्हा आपल्याला खरंच दिसत नाही. आम्ही दहाला उठायचो तर चहा तयार. मला वाटायचं वहिनींना आवड आहे. एकदा त्यांची ॲक्टिवा पण मागितली दोन दिवस, भाड्याच्या काळ्या पाटीच्या गाड्या महाग पडतात म्हणून, आणि वहिनी दोन दिवस बसने कामावर गेल्या हे मला नंतर कळलं. कोण बोललं माहितीये? मामेभावाने एकदा सरळ मेसेज टाकला, "या वर्षी 26 आणि 27 दोन रात्री, चार माणसं, बेडशीट-टॉवेल आपापले आणा, एक रात्रीचं जेवण तुम्ही बाहेरून मागवा, बाकी आनंद आहे." पहिल्यांदा बायकोला राग आला. मला पण थोडा. मग गाडीत बसून विचार केला की बाबा ह्यात चूक काय आहे, आम्ही पुण्यात कोणाला चौदा दिवस ठेवू का. शेवटी आम्ही तीन रात्री फोंड्याकडे होमस्टे घेतला, समुद्रापासून लांब असल्याने दरही परवडले, आणि दोन रात्री त्यांच्याकडे, आणि खरं सांगतो गप्पा त्याच दोन रात्री जास्त झाल्या कारण वहिनी पहिल्यांदा बसल्या आमच्याबरोबर.

तर ताई, तारखा लिहा. "या ना कधीही" हे वाक्य डिलीट करा. आम्ही ते शब्दशः घेतो.

झाडावरचा_माड:

आवाजाबद्दल कोणी लिहिलं नाही. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा नियम 2000 पासून देशभर आहे. सरकारला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, म्हणून सणाच्या त्या ठराविक रात्री बारापर्यंत काही करता येत नाही. बारानंतर 112. एकट्याने फोन करू नका, चार घरांनी पाचपाच मिनिटांच्या अंतराने करा, आमच्या वाड्यावर असंच करतो. आणि झोपायची खोली त्या पंधरा दिवसांपुरती व्हिलाच्या उलट्या बाजूला हलवा. कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात, सवय व्हायला दोन रात्री लागतात.

डिचोलीचे_आजोबा:

सगळं वाचलं. माझी गोष्ट उलटी आहे, इथे लिहू की नको असं वाटत होतं.

माझ्याकडे कोणी येत नाही. आमची मंडळी, म्हणजे बायको, जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा लंडनला. डिसेंबरात सगळ्यांच्या गेटसमोर मुंबई-पुण्याच्या गाड्या उभ्या असतात, माझ्या गेटसमोर कुत्रा झोपलेला असतो. गेल्या नाताळात 25 ला शेजारच्या बाईंनी कुसवार (नाताळचा फराळ) आणून दिला, नेवऱ्या, दोदोल, बोलिन्हा, ताटावर क्रोशाचा रुमाल. मंडळी होती तेव्हा दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जायचा आणि नाताळला हे ताट यायचं, चाळीस वर्षं. मी दिवाळीला काही पाठवलं नव्हतं, मला करता कुठे येतं. ताट तसंच दोन दिवस टेबलावर राहिलं. रिकामं कसं परत द्यायचं ह्याची लाज वाटत होती, म्हणून खाल्लंच नाही, आणि ताट अजून माझ्याकडेच आहे.

मुलगा फोनवर म्हणतो बाबा तिथे ऊन तरी आहे, इथे चारला अंधार पडतो. खरं आहे, तिकडे डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो, आपल्याकडे अकरा तासांच्या वर असतो. त्याने मला एक लेख पाठवला, हिवाळ्यात मन खचू नये म्हणून खास दिव्यासमोर बसा. मी त्याला म्हटलं बाबा रे, उजेडाची अडचण नाही आहे माझी.

सुनबाई, तुम्हाला चौदा दिवसांत चार तास झोप. मला आठ तास मिळते, पण उठायचं कशाला हे कळत नाही. बाकी काही मागणं नाही. लिहून टाकलं.

रात्रपाळी_सिस्टर:

आजोबा, बरं केलं लिहिलंत.

एक सांगते, उपदेश समजू नका. आपल्या गोव्यातच, प्राथमिक आरोग्य केंद्रांत, उदास झालेल्या लोकांवर एक प्रयोग झाला होता, पर्वरीच्या संगथ संस्थेचा, 2017 च्या लॅन्सेटमध्ये छापून आलाय. औषध देणारा डॉक्टर नाही, शिकवून तयार केलेली साधी माणसं, सहा ते आठ बैठका. त्यात करायचं काय, तर मन बरं झालं की बाहेर पडू असं थांबायचं नाही. आधी एक बारकं काम ठरवायचं, दिवस आणि वेळेसकट, ते करायचं, मन मागून येतं. ज्यांचे नुसते केंद्रातले नेहमीचे उपचार चालले होते त्यांच्यापेक्षा ह्या लोकांना जास्त फरक पडला.

म्हणजे तुमच्या बाबतीत ताट परत करणं हे काम आहे. उद्या अकराला. रिकामं नको, बरोबर, पण चकल्या पण नकोत. बागेत काही आहे का? केळी, नारळ, अबोली, काहीही.

आणि "उठायचं कशाला" हे रोजचं झालं असेल, जेवण जात नसेल, किंवा आता नकोच असं मनात येत असेल तर 14416 ला फोन करा, टेली मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. बांबोळीला मनोरुग्णालयाची ओपीडी पण आहे, तिथे वेडे जातात हे डोक्यातून काढा, आमच्या स्टाफमधले जातात. मी हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये. लोकांना वाटतं सणात आत्महत्या वाढतात, तसं नाहीये, अमेरिकेचे आकडे तर नोव्हेंबर-डिसेंबरात खालीच असतात. पण एकटेपणा असतो तो असतोच.

डिचोलीचे_आजोबा:

बागेत वेलची केळ्यांचा घड आहे. पिकायला आलाय.

सत्तरीची_बाय:

अगो साळगावच्या सुने, तू हे सगळं 3 तारखेला संपतं असं धरून चाललीस, म्हणून तुला ताप येतो. संपल्यावर तुझ्यासाठी काय आहे ते आधी ठरव मग बघ.

आमच्याकडे सत्तरी तालुक्यात पौषात धालो असतो. रात्री मांडावर (धालोच्या ठरलेल्या अंगणात) फक्त बायका, जेवणं उरकून नऊ-दहाला जमायचं, समोरासमोर दोन रांगा, हात गुंफून गाणी, मग फुगड्या, कोणी सोंग काढतं, नवऱ्याची नक्कल, सासूची नक्कल, सरपंचाची पण. पाच रात्री, कुठे सात, कुठे नऊ. पुरुषांना मांडावर पाय ठेवायचा नाही. मी 31 ला काजूच्या फॅक्टरीतून येऊन झोपते, न्यू इयर गेलं तेल लावत, मी माझं जागरण धालोसाठी राखून ठेवते. आमच्या म्हाताऱ्या सासूचे गुडघे वर्षभर दुखतात, धालोला दुखत नाहीत. (सिस्टर, ह्याचं कारण सांगा.)

तुमच्या बार्देशात मांड उरले असतील नसतील, पण यंदा पौषात ये आमच्याकडे. एक रात्र. चटई आणि चादर मी देते, धुवायची पण मीच.

फोंड्याचा_भाऊ:

कुळागरातली ताई, तुमचा रिप्लाय वाचून दोन दिवस उत्तर दिलं नाही. आईला फोन केला होता. विचारलं, जत्रेला तुला मजा यायची का. म्हणाली, नाटक मी कधी बघितलंच नाही, भांडी घासताना हार्मोनियम ऐकू यायची तेवढी.

बस्स, एवढंच सांगायचं होतं.

साळगावची_सून:

अपडेट देते, आज 17 डिसेंबर.

पुणेकरांच्या मामेभावाचा मेसेज जवळजवळ तसाच कॉपी केला, सॉरी आणि थँक्यू. ग्रुपवर टाकताना हात कापत होते, टाकला आणि फोन पालथा ठेवून कपडे वाळत घालायला गेले. ठाण्याच्या जाऊबाईंनी लगेच "ओके, बेडशीट आणतो" लिहिलं, त्यांना काहीच वाटलं नाही, मीच वर्षभर उगाच भीत होते. मावसबहीण मात्र रुसली. "तुला जड होत असेल तर नाही येत बाई" असं लिहून ग्रुपवर गप्प. दोन दिवस मला वाईट वाटलं, परवा फोन केला, तिने उचलला नाही. बघू. मित्रांचा विषय मीच काढला नाही, त्यांनीही नाही.

म्हणजे यंदा 27 आणि 28, दोन रात्री, चार माणसं. पाहुणे असताना दुपारी पेज, सुकं आणि लोणचं, ज्याला फिश थाळी पाहिजे त्याने बाहेर खावी असं नवऱ्याने स्वतः सांगितलं. तो घरी आल्यावर वीस मिनिटं त्याला कोणी काही विचारत नाही, डबलशिफ्ट भाऊ, हे इतकं सोपं होतं आणि आम्ही अकरा वर्षं भांडलो. झोपायची खोली मागच्या बाजूला हलवली. कानातले बोळे आणलेत, पहिल्या रात्री स्वतःचाच श्वास ऐकून घाबरले.

सिस्टर, जिने चढून बघितले, मुद्दाम पतसंस्थेचे तिन्ही मजले. जळजळ त्याने वाढत नाही. तरी ईसीजी काढला, नॉर्मल आहे, डॉक्टर म्हणाले रात्री एकला उरलेलं झणझणीत हुमण खाणं बंद करा. गोळ्यांचा डबा मुलीकडे दिलाय. ती सासूबाईंसमोर उभी राहून "आजी, तोंड उघड" करते, गिळलीय का बघते. सासूबाई म्हणतात पोलीस परवडला.

सत्तरीच्या बाय, मी येणार आहे. खरंच. रात्रीची राहीन. तारीख कळवा.

आजोबा, ताटाचं काय झालं ते सांगितलं नाहीत.

डिचोलीचे_आजोबा:

ताट गेलं. केळी घेऊन गेलो, अकराला नाही, अकराला दारापर्यंत जाऊन परत आलो. चारला गेलो. त्या बाई म्हणाल्या ताट वर्षभर तुमच्याकडे राहिलं म्हणून मी यंदा कुसवार कशावर पाठवू ह्याचा विचार करत होते. मग आत बसवलं, त्यांचा नातू नाताळचा गोठा (येशूजन्माचा देखावा) बांधत होता, गवत कमी पडत होतं. माझ्याकडे गोठ्यामागे गवत आहे. काल दोन भारे नेऊन दिले. उद्या दिवे लावायला बोलावलंय, मी इलेक्ट्रिसिटी खात्यातून रिटायर झालोय हे त्यांना माहीत आहे.

साळगावची_सून:

आजोबा!!! गवत शिल्लक असेल तर आम्हालाही लागेल. ओल्ड मॅन चालू झालाय अंगणात. यंदा मुलीने मला स्वतःहून विचारलं नाही, मीच जाऊन बसले शेजारी, थोडा वेळ ती काही बोलली नाही, मग म्हणाली तू हात पकड, मी भरते. शर्टाला गेल्या वर्षीची ती निळी बेडशीट फाडून दिलीय, जिच्यावर त्या दोन मित्रांपैकी कोणीतरी रेड वाईन सांडली होती आणि जी मी 31 ला रात्री बारा वाजता मशीनला लावत होते.